मोटारीचा मुलामा

गेल्या दिवाळीत आम्ही मोटार घेतली. चित्रकलेच्या शिक्षकाने मोटार घ्यावी, हे आमच्या गल्लीत थोडे नवलाचे ठरले. परंतु हप्ते आम्हालाच फेडावयाचे असल्यामुळे त्या नवलाची आम्ही फारशी पर्वा केली नाही. खरी पंचाईत पुढेच होती. मोटारीवर सिरॅमिक कोटिंग करावे की करू नये, हा प्रश्न आमच्या घरी पंधरा दिवस पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसला.

बेळगावची तांबडी माती आणि येथील पाऊस ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाही. त्यातून आमच्या मोटारीच्या डोक्यावर छप्पर नाही. ती घरासमोर चिंचेखाली उभी असते, आणि त्या चिंचेवर बगळ्यांची वसाहत आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतील आम्ल उन्हाने तापून रंगात कसे रुतते, याचे दोन ठसे पहिल्याच महिन्यात बॉनेटवर उमटले. तेव्हा आम्ही टिळकवाडीतील एका दुकानाची पायरी चढलो.

दुकानदार तरुण आणि आर्जवी होता. त्याने मुलामा दिलेल्या पत्र्यावर तांब्याभर पाणी ओतले. अळूच्या पानावरून ओघळावे तसे ते थेंबाथेंबांनी ओघळून गेले, पत्रा कोरडाच राहिला! खर्च २२,००० रुपये, हमी ३ वर्षांची. "सर, कडकपणा नऊ एच आहे. हिरा दहा, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल!"

येथे मात्र आमच्यातील मास्तर जागा झाला. पेन्सिलीवरील एच आणि बी ही अक्षरे मुलांना समजावण्यात आमचे आयुष्य गेले. हिऱ्यास १० हा अंक देणारी पट्टी मोस या खनिजशास्त्रज्ञाची. तिचा येथे काही संबंध नाही. रंगाच्या थरावर ठराविक भाराने पेन्सिल ओढून पाहतात. ९ एच या अतिशय कठीण पेन्सिलीनेही ओरखडा उठला नाही, की त्या थरास ९ एच म्हणावयाचे. पण पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे कण असतात, आणि मोसच्या पट्टीवर गारगोटी ७ वर बसते. तिच्यापुढे पेन्सिलीचा काय पाड?

उद्यमबागेत लेथवर काम करणारे आमचे शेजारी मायक्रॉनच्या हिशेबात मुरलेले. ते म्हणाले, "मास्तर, मोटारीच्या रंगाचे सगळे थर मिळून १०० ते १२५ मायक्रॉन, आणि हा मुलामा एकदोन मायक्रॉनचा. डोक्याचा केस ७० च्या आसपास असतो. आता तुम्हीच बघा." तथापि मुलाम्याची बाजूही खोटी नाही. चिखल त्यावरून सहज निघतो, आम्ल रंगापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, तकाकी टिकते. मात्र खडी उडाली तर टवका उडणारच, आणि बोअरचे पाणी अंगावर वाळले तर क्षारांचे डाग राहणारच.

हा हिशेब वहीत मांडून आम्ही होकाराकडे झुकत होतो. इतक्यात दुकानदाराने मोटारीवर प्रखर दिवा धरला आणि विचारले, "सर, गाडी रोज कोरडी कोण पुसायलंय?"

दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे वर्तुळाकार चमकत होते. पुसणारे कोण, हे आम्हास ठाऊक होते. आमचे अण्णा.

अण्णांचे वय ७८. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून ते पहाटे पाचला उठून नुसते बसून राहत. मोटार आली आणि त्यांना काम मिळाले. जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन ते तासभर ती पुसत. याच धोतराने आणि शिवणयंत्राच्या तेलाने त्यांनी आपली सायकल ३१ वर्षे नवी ठेवली होती. मोटारीशी ते पुटपुटत असतात, असे आमच्या सौभाग्यवतींनी एकदा सांगितले होते. काय पुटपुटतात, ते आम्ही कधी विचारले नाही.

दुकानदाराचे म्हणणे सरळ होते. आधी पॉलिश करून हे ओरखडे घासून काढावयाचे, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचा थोडा अंश जाणार, मग मुलामा, आणि त्यानंतर कोरडे फडके लागले तर हमी रद्द. थोडक्यात, २२,००० रुपये भरून अण्णांना मोटारीपासून दूर ठेवावयाचे! आम्ही विचार करून सांगतो म्हणालो आणि परतलो.

त्या रात्री आम्ही अण्णांना बाहेर नेऊन मोटारीवर विजेरी धरली. तसे करावयास नको होते, असे आजही वाटते. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे मीच केलं होय रे?" आम्ही धुळीतील गारगोटीची गोष्ट सांगू लागलो, ते आत निघून गेले. पुढे तीन दिवस धोतराचा तुकडा खिडकीच्या गजावर तसाच वाळत राहिला. मोटारीवर तांबडी धूळ चढली आणि बगळ्यांनी आपले काम चोख बजावले.

चौथ्या दिवशी आम्ही दोन बादल्या, मोटारीचा शाम्पू आणि लांब धाग्यांची दोन मायक्रोफायबरची फडकी आणली. सारे मिळून हजाराच्या आत. मेणाची एक डबीही घेतली. ते दोनतीन महिन्यांत उतरते, पण पुन्हा लावता येते. काही न बोलता आम्ही हे सामान पायरीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याचा आवाज ऐकून आम्ही खिडकीशी गेलो. अण्णा फुलझाडांची झारी घेऊन छतावर पाणी सोडीत होते. धूळ वाहून जाईपर्यंत त्यांनी फडक्यास हात लावला नाही. समोरच्या घरातील मुलगा मदत करावयास कोरडे फडके घेऊन पुढे आला, तशी त्यांनी त्यास काठीने दूर थोपवले. "आधी पाणी," ते म्हणाले, "गारगोटी असते त्यात."

दुकानदाराचा फोन अजून महिन्यातून एकदा येतो.