सासूबाईंची पॉलिसी

गेल्या आषाढात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. इस्पितळाचं बिल बरंचसं मेडिक्लेममधून सुटलं, म्हणून आम्ही निर्धास्त! खरी परीक्षा घरी आणल्यावर. उठवणं, भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन... महिन्याभरात माझी कंबर धरली. मग दिवसपाळीची बाई ठेवली. तिचा पगार विम्यातून मिळेल म्हणून मी वेडी पावत्या जपत बसले! साऱ्या परत आल्या. पॉलिसीत 'घरी उपचार' असं कलम होतं खरं, पण ते डॉक्टरी उपचारांचं. रोग्याला हलवणं अशक्य असेल किंवा इस्पितळात खाटच नसेल तेव्हाचं. नुसत्या सांभाळाचं नव्हे. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्डही काढलं (२०२४ पासून मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत), पण तेही दाखल झाल्यावरच उपयोगी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथे निदान माहिती मिळते.

शेवटी वहीत खर्च मांडला आणि दीर-नणंदेला बोलावलं.

"वहिनी, तुम्ही आहातच की," भाऊजी म्हणाले.

मी वही पुढे सरकवली. माझ्या कामाचा रकाना कोराच होता. बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता बाईचा निम्मा पगार भाऊजी पाठवतात. रविवारी नणंद येते. त्या दुपारी मी झोपते.