सिस्टर म्हणाल्या, घड्याळ काढा

डिसेंबर २०२१ मध्ये भांडुपच्या सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहात काही दिवसांत चार नवजात बाळे दगावली. जंतुसंसर्गातून झालेला सेप्टिक शॉक हे कारण सांगितले गेले. त्यानंतर दवाखान्यात एका आजीने मला विचारले, "डॉक्टर, बाळ वाचावं म्हणून एनआयसीयूत ठेवतात, मग तिथेच त्याला जंतू कसे लागतात?"

प्रश्न रास्त आहे. आईच्या रक्तातली संरक्षक प्रतिपिंडे बाळाला मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची ही शिदोरी अपुरी असते, त्वचाही फार नाजूक असते. त्यात सलाईनची नळी थेट रक्तात जाते. एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतले नाहीत, की क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारखे जंतू याच वाटेने आत शिरतात. यातल्या अनेकांना नेहमीची अँटिबायोटिक्स दाद देत नाहीत.

लक्षणेही फसवी असतात. ताप येईलच असे नाही. बाळ गार पडते, मलूल होते, दूध ओढत नाही, श्वास मध्येच थांबतो. ब्लड कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागू शकतात, म्हणून संशय आला की औषध आधीच सुरू करतात.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी नात्यातले बाळ पाहायला मी एनआयसीयूत गेलो. डॉक्टर असल्याच्या तोऱ्यात थेट आत शिरत होतो. सिस्टरनी अडवले, "सर, घड्याळ, अंगठी काढा आणि कोपरापर्यंत हात धुवा." क्षणभर राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. तीस वर्षे इतरांना सांगत होतो, तेच मी विसरलो होतो.

तुमचे बाळ आत असेल तर एवढे करा. साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा. सर्दी-खोकला असेल तर आत जाऊ नका. आईचे दूध, थोडे का होईना, बाळाला मिळू द्या. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा बाळाला छातीशी धरून कांगारू केअर द्या. आणि रोज विचारा, "ही नळी अजून लागणार आहे का?"

स्वच्छता, पुरेशा परिचारिका, धुतलेले हात ही जबाबदारी रुग्णालयाचीच. पण "हात धुतलेत ना?" असे नम्रपणे विचारणे हा तुमचा हक्क आहे. चांगला डॉक्टर रागावणार नाही. रागावलाच, तरी हात धुऊन मगच बाळाला हात लावेल.