सांडवा

दिवस कलायला लागला आणि शेतातल्या मोटारी सुरू झाल्या, की दौलताबादच्या आमच्या घरातला बल्ब पिवळा पडतो. अशा एका संध्याकाळी मीटर लावून पाहिलं तर 180 व्होल्ट. मध्यरात्री मोटारी थांबल्यावर 250. व्हॉल्व्हच्या प्रीअँपसाठी पहिला पॉवर सप्लाय आखताना मी मात्र कागदावर 230 लिहून मोकळा झालो होतो.

प्रीअँपमध्ये ईसीसी 83 चे दोन व्हॉल्व्ह. दोन्ही मिळून जेमतेम साडेचार मिलिअँपिअर घेतात, पण ते शांतपणे मिळायला हवेत. रेकॉर्डवरच्या सुईकडून येतात मोजके मिलिव्होल्ट. ते शेकडो पटींनी वाढवायचे, तर सप्लायमधली थरथरही त्यांच्यासोबत आवाजात उतरते. म्हणून 150 आणि 108 व्होल्टच्या दोन गॅसनळ्या एकापुढे एक जोडल्या. मागे 350 व्होल्ट, मध्ये 4.7 किलोओहमचा रेझिस्टर, पुढे ठाम 258. कामापेक्षा जास्त आलेला प्रवाह नळ्या स्वतःतून वाहू देतात, पातळी जागच्या जागी राहते. तळ्याचा सांडवाच हा.

मीटरने 180 दाखवलं त्या संध्याकाळी पांढरी एकमधला ख्याल लावला होता. तानपुऱ्याचा पंचम त्या पट्टीत 98 हर्ट्झच्या आसपास असतो आणि आपल्या विजेची घरघर 100 ची. नळ्यांची जांभळट झाक विझली आणि त्या पंचमाला सेकंदाला दोनदा हेलकावे बसू लागले. गवई सुरात होता. बेसूर मी केलं होतं. फार लागलं ते मनाला.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यात हत्ती हौदाच्या काठावर बसून वहीत पुन्हा गणित मांडलं. सांडवा वाहतो तोवरच पातळी ठरलेली. येणारं पाणी घटलं की आधी सांडवा कोरडा पडतो, मग तळं उतरतं. माझ्या नळ्यांना पेटत राहायला निदान 5 मिलिअँपिअर लागतात आणि 30 च्या वर त्या सोसत नाहीत. 230 ला मागचा दाब 420 धरला, रेझिस्टर 6.8 किलोओहमचा. 180 व्होल्टला नळ्यांच्या वाट्याला सुमारे 6 येतात, 250 ला 25. दोन्ही टोकं हद्दीत. पण 250 ला मागचा दाबही चढतो, म्हणून 450 व्होल्टचा कपॅसिटर एकटा पुरेना, दोन एकापुढे एक जोडले. आणि वीज बंद केल्यावर ते रिते व्हावेत म्हणून प्रत्येकाला आडवा रेझिस्टर. इतका दाब हाताला क्षमा करत नाही.

एक आकडा त्या वहीत अजून तसाच अधोरेखित आहे. 230 ला एकूण 24 मिलिअँपिअर वाहतात आणि गाण्याच्या कामी येतात साडेचार. उरलेले सुमारे 19 नुसते उजळतात, तापतात, जातात. पूर्वी मी याला नासाडी म्हटलं असतं. आई चार माणसांसाठी सहा भाकरी थापायची, दोन कायम टोपलीत उरायच्या. अवेळी दारात आलेल्याला जेवू घालताना तिला कधी कुणाचं ताट कमी करावं लागलं नाही, हे मला फार उशिरा दिसलं.

काल पुन्हा मोटारी लागल्या. बल्ब पिवळा झाला, मीटर 182 वर आला. नळ्यांचा उजेड मंदावला, अगदी ओंजळीएवढा राहिला. तोच ख्याल चालू होता. मी श्वास धरून पंचमाकडे कान लावला. तो हलला नाही.