बाबांच्या मेलवरचा शिक्का

बाबांनी बडोद्याला आर.एम.एस.मध्ये २६ वर्षं टपालाचं सॉर्टिंग केलं. आता ८१ वर्षांचे आहेत आणि दुपारचा चहा झाला की मेल वाचायला बसतात.

दोन वर्षांपूर्वी इंदूरच्या आत्याच्या नावाने मेल आला: "दादा, दवाखान्यात आहे, फोन करू नकोस, ४०,००० पाठव." बाबा पासबुक घेऊन निघालेच. ते चप्पल घालत होते तेवढ्यात आईने आत्याला फोन लावला. ती पापड लाटत होती! मेलवर नाव आत्याचं, पत्ता भलताच.

मी म्हटलं, "बाबा, अनोळखी मेल मी परस्पर काढून टाकतो." ते चिडले. "दुसऱ्याचं टपाल अडवायचं नसतं. शिक्का मार आणि पोचव."

तेव्हा मला फॉरमेल आठवलं. प्रॉकमेल या १९९० सालच्या प्रोग्रामबरोबर येणारं हे साधन. खिडक्या-बटणं काही नाहीत, टर्मिनलवर एका ओळीची कमांड. मेल एकीकडून आत जातो, हेडरमध्ये एक ओळ वाढून दुसरीकडून बाहेर पडतो. मजकुराला धक्का नाही. हेडर म्हणजे पाकीटच: कुणाकडून, कुणाला, कधी, शिवाय वाटेतल्या सर्व्हरांचे 'रिसीव्ह्ड' शिक्के. ते बघून बाबा खूश झाले.

आमचे मेल आधी घरातल्या जुन्या लिनक्स मशीनवर उतरतात. तिथे प्रॉकमेल पाठवणाऱ्याचा पत्ता बाबांच्या वहीशी ताडतं आणि फॉरमेल 'एक्स-ओळख: हो' किंवा 'नाही' अशी ओळ घालतं. 'नाही' असेल तर थंडरबर्डमध्ये मेल लाल दिसतो.

पहिल्यांदा मी चूक केली. फॉरमेलचा छोटा 'ए' तशी ओळ आधीच असेल तर नवी घालत नाही. अनोळखी पत्त्यावरून मीच 'हो' लिहून मेल धाडला, तो खुशाल तसाच आत आला. मोठा 'आय' जुनी ओळ पुसून आपली घालतो. छोटा 'आय' जुनीला 'ओल्ड' लावून ठेवून देतो. बाबांनी छोटा निवडला. "बनावट शिक्का फाडत नाहीत, तो पुरावा असतो." (पत्ताही खोटा घालता येतो, म्हणून पैशांची गोष्ट निघाली की फोन करायचाच, हा आईचा नियम कायम आहे.)

परवा एक लाल मेल आला. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग जुनी डायरी काढून सुरतला फोन लावला. त्यांच्याबरोबर रात्रीच्या गाडीत टपाल लावणारे जुने सोबती होते, मुलाच्या पत्त्यावरून लिहिलेलं. तासभर बोलणं झालं. नंतर बाबांनी तो पत्ता वहीत उतरवून घेतला.