बरगीचा तुटलेला रस्ता

वाचकहो, नागपूरहून उत्तरेकडे निघालेला राजमार्ग कामठी, सिवनी, लखनादौन ही गावे मागे टाकीत सातपुड्याच्या रानातून बरगीस येऊन पोहोचतो. येथून जबलपूर फार दूर नाही. इंग्रजी अमदानीत कामठी आणि जबलपूर या दोन लष्करी छावण्यांना जोडणारा हाच तो मार्ग. आजही तो अखंड आहे. मोटारीतून जाणाऱ्या प्रवाशाला येथे काही तुटले असेल अशी शंकाही येत नाही.

परंतु घटकाभर राजमार्ग सोडून आपण धरणाच्या फाट्याने वळावे. 1974 साली काम सुरू होऊन 1990 साली पुरे झालेले बरगी धरण येथे नर्मदेला आडवे उभे आहे. सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीच्या या बांधामागे पसरलेल्या जलाशयाला 1857 च्या संग्रामात लढलेल्या रामगढच्या राणी अवंतीबाईंचे नाव दिले आहे. मंडल्याच्या दिशेने सुमारे 75 किलोमीटरपर्यंत पाणीच पाणी. दृश्य मनोहर आहे, यात संशय नाही.

मात्र या पाण्याखाली वाटा आहेत. जबलपूर, मंडला व सिवनी या तीन जिल्ह्यांतील 162 गावे या जलाशयाने बाधित झाली. त्यांत गोंड आदिवासींची वस्ती मोठी. शेते गेली, घरे गेली, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारे रस्तेही गेले. पूर्वी दोन काठांमध्ये नदीचा एक प्रवाह होता. आता तेथे सागर आहे. बाजार असो वा सोयरिक, नावेवाचून गती नाही.

मराठी माणसाला नर्मदा परिक्रमेचे वेड जुने आहे. नदीला सतत उजव्या हाताला ठेवून चालावयाचे, मध्ये ती ओलांडावयाची नाही, हा परिक्रमेचा नेम. येथे किनाऱ्याची जुनी पायवाट बुडाल्याने परिक्रमावासीयांना दूरचा वळसा घ्यावा लागतो. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी 1977 साली आपली पदयात्रा जबलपूर ते मंडला अशी सुरू केली, तेव्हा ही वाट शाबूत होती. पुढे त्यांनी नर्मदेचा काठ खंडाखंडाने पायी पालथा घातला. त्यांच्या त्या पहिल्या खंडाचा मोठा भाग आज पाण्याखाली आहे.

धरणाने काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 90 मेगावॅट विजेची सोय झाली, कालव्यांतून शेतांना पाणी मिळाले. विस्थापितही हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांनी मच्छीमारांच्या सहकारी संस्था उभारल्या, आणि 1994 साली त्यांच्या संघाला जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळाला. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर ते पीकही घेतात. पण 2009 साली जलाशयाकाठच्या चुटका येथे अणुवीज प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता मिळाली, आणि एकदा उठलेल्या घरांपुढे पुन्हा उठण्याचा प्रश्न उभा राहिला.

म्हणून, वाचकहो, कधी या मार्गाने जाण्याचा योग आला तर बरगीस थोडे थांबा. धरण अवश्य पाहा. पण पलीकडच्या काठाकडे निघालेली एखादी होडी दिसली, तर तिच्याकडेही दोन क्षण पाहा. ज्या गावकऱ्यांना ती घेऊन जात असेल, त्यांचा रस्ता आता तोच आहे.