पानाचे गाव

चहा हा शब्द आपण इतक्या सवयीने उच्चारतो की तो परका असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. आमच्या काचीगुड्याच्या घरी आजी ‘चहा’ म्हणे. उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकलेले वडील ‘चाय’ म्हणत. आणि भिंतीपलीकडचे तेलुगू शेजारी ‘टी’. हे तिन्ही शब्द मूळचे चीनमधलेच. त्या देशाच्या बहुतेक भागांत या पेयाला ‘चा’ म्हणतात, आणि तो शब्द मुख्यतः खुष्कीच्या मार्गाने इराण, तुर्कस्तान, रशियापर्यंत पोहोचला. फुजियान प्रांताच्या किनाऱ्यावरील बोलीत मात्र त्याला ‘ते’ म्हणतात. तो शब्द डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून युरोपात गेला आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचा ‘टी’ झाला. खुष्कीने निघालेला एक शब्द आणि समुद्रमार्गे निघालेला दुसरा, असे दोघेही काचीगुड्याच्या एका सामायिक भिंतीच्या दोन बाजूंना येऊन राहिले होते.

हे सारे मला उशिरा समजले, आणि त्याला कारण झाला मधुमेह. सेवानिवृत्तीनंतर डॉक्टरांनी साखर बंद केली, दुधावर मर्यादा घातली. ज्याने उमेदीची वर्षे इराणी हॉटेलातल्या ‘पौन्या’वर आणि ‘खडा चमच’वर काढली, त्याला हा केवढा दंड, हे हैदराबादच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. माझी ही अवस्था पाहून शांघायला कामानिमित्त जाणाऱ्या भाच्याने येताना चिनी चहाचे पाच-सहा डबे आणून दिले. “मामा, यात दूध-साखर लागतच नाही,” एवढेच त्याचे म्हणणे. मी मात्र जन्मभर फायली वाचलेला माणूस; समोर आलेल्या कागदाची पूर्वपीठिका पाहिल्याखेरीज मला चैन पडत नाही. त्या डब्यांचीही मी पाहिली.

पहिले आश्चर्य असे की हे सगळे चहा एकाच वनस्पतीचे. पान तेच, तोडल्यानंतर त्यावर काय संस्कार होतो, यावर त्याची जात ठरते. तोडलेल्या पानाला लगेच उष्णता दिली की त्याचा हिरवेपणा टिकतो, तो हिरवा चहा. पान मुरगाळून हवेत पूर्ण काळवंडू दिले की आपण ज्याला काळा म्हणतो तो चहा होतो. चिनी लोक कपातल्या रंगावरून त्याला ‘लाल’ म्हणतात. या दोहोंच्या मधला तो ऊलाँग. कोवळ्या कळ्या नुसत्या सुकवल्या की पांढरा. आणि युन्नानचा पु-अर तर दाबून त्याच्या चकत्या करतात व वर्षानुवर्षे मुरत ठेवतात. अशा चकत्या घोड्या-खेचरांच्या पाठीवरून तिबेटपर्यंत जात. २०२२ साली युनेस्कोने चीनच्या या पारंपरिक चहा-प्रक्रियांची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली.

दुसरी गोष्ट नावांची. आपल्याकडे आंब्याला रत्नागिरी आणि संत्र्याला नागपूर, तसे तिकडे प्रत्येक नामांकित चहाला त्याचे गाव असते. हांगझौच्या पश्चिम सरोवराजवळच्या टेकड्यांत ‘लोंगजिंग’, म्हणजे ‘ड्रॅगनची विहीर’, नावाचे गाव आहे; कढईत हाताने दाबून चपटी केलेली तिथली हिरवी पाने त्याच नावाने प्रसिद्ध आहेत. एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या त्यांच्या पितृस्मरणाच्या सणाआधी खुडलेले पान सर्वांत मोलाचे. सुजौजवळ ताई सरोवराकाठी होणारा ‘बिलुओचुन’ गोगलगाईसारखा वळलेला असतो. त्याचे जुने गावठी नाव ‘जीव घाबरवणारा सुगंध’ अशा अर्थाचे होते. कांगशी बादशहाला ते रुचले नाही व त्याने नवे नाव दिले, अशी कथा सांगतात. वुयी पर्वतातल्या ‘दा होंग पाव’, म्हणजे ‘मोठा लाल झगा’, या चहाची मूळ झाडे कड्याच्या कपारीत आहेत. उरलेली सहा झाडे जपण्यासाठी २००६ पासून त्यांची तोड बंद आहे. त्याच डोंगरातला ‘लॅपसांग सूचाँग’ चिडाच्या धुरावर सुकवतात. तो उकळत्या पाण्यात टाकला की घरभर चुलीचा वास पसरतो.

माझे मन मात्र अडकले ते ‘तिएगुआनयिन’ या ऊलाँगवर. फुजियानमधील आन्शीचा हा चहा. नावाचा अर्थ ‘लोखंडी गुआनयिन’. गुआनयिन ही चिनी लोकांची करुणेची देवता, आणि ती मूळची आपला अवलोकितेश्वर. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमध्ये गेला, तिथे त्याचे नाव बदलले, पुढे रूपही स्त्रीचे झाले. आणि हाच अवलोकितेश्वर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन पद्मपाणी म्हणून उभा आहे. ते अजिंठे आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातलेच. डब्यावरचे ते नाव उलगडले तेव्हा दूरचा नातलग अचानक दारात उभा राहावा तसे वाटले.

इतकी कुळे-मुळे पाहिल्यावर साहजिकच प्रश्न पडला, की या कसोटीवर आपला इराणी चहा कुठे बसतो? इराणात चहा बिनदुधाचा असतो. साखरेचा खडा दातांत धरून तो पितात. आपल्या इराणी चहात इराण नावापुरता. पान बहुधा आसामचे. तेही यंत्राने चुरून, पिळवटून गोळी केलेले. ही यंत्राची रीत १९३० च्या सुमारास निघाली. मोठ्या भांड्याचे तोंड बांधून, बिर्याणीसारखा दम देऊन काढलेला अर्क आणि शेजारी तासन्‌तास आटणारे दूध, ही पद्धत इथलीच. सोबतीला बिस्किट उस्मानिया. हॉटेलवाल्यांचे पूर्वज इराणातून निघून मुंबई-पुण्याच्या वाटेने इथे आलेले. आबिड्सचे ग्रँड हॉटेल १९३५ सालचे. चिनी पारखी या पेयाला बेगावाचे म्हणून नाक मुरडील. पण याच बेगावाच्या चहाने आमच्या घरात एक मोठी गोष्ट घडवली.

चहाच्या एका पेल्याने मराठी समाजात काय वादळ उठवले होते, ते आपण जाणतो. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे समोर आली. टिळक आणि रानडे यांच्यासह त्या निमंत्रितांची नावे छापून आली, ग्रामण्य माजले, शंकराचार्यांनी चौकशी नेमली आणि प्रायश्चित्तांपर्यंत प्रकरण गेले. माझी आजी परभणीकडची, कडक सोवळ्यातली. तिच्या लेखी इराणी हॉटेल म्हणजे ते पंचहौदच. वडील तिथे रोज जात. ती रागवे, आणि ते परतले की अंगण ओलांडण्याआधी पायांवर पाणी घ्यायला लावी. ते निमूटपणे घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जात.

त्यांच्या टेबलावर तिघे असत : वडील, गुलबर्ग्याचे एक कन्नड सहकारी आणि औरंगाबादचे एक मुसलमान सहकारी. बोलणे उर्दूत चाले. १९४८ च्या कठीण दिवसांतही ते टेबल मोडले नाही, हे सांगताना वडिलांचा आवाज बदलत असे. ते मोडले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरला, तेलंगण आंध्र प्रदेशात. एकाच टेबलावरचे तिघे तीन राज्यांचे झाले. वडिलांना मुंबई राज्यात जाता आले असते. भाषा आपली, नातलग तिकडचे. ते गेले नाहीत. का, असे मी एकदा विचारले. “इथे माझी खुर्ची आहे,” असे ते म्हणाले. कचेरीतली म्हणाले की हॉटेलातली, हे मी विचारले नाही.

माझ्याही वाट्याला एक विभागणी आली. २०१४ साली तेलंगण वेगळे झाले, कर्मचाऱ्यांच्या याद्या झाल्या, आणि २०१६ मध्ये आंध्रचे सचिवालय वेलगपुडीला हलले. पंचवीस वर्षे माझ्यासोबत चहा घेणारा गुंटूरचा सहकारी गेला. निरोपाच्या दिवशी आम्ही ‘वन बाय टू’ सांगितला. एक चहा, दोन कप. पैसे द्यायला दोघेही पुढे झालो आणि शेवटी गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने ते घेतलेच नाहीत.

आता जुनी इराणी हॉटेले एकेक करून मिटत आहेत. त्यांच्या जागी कपड्यांची, मोबाइलची दुकाने येतात. आपल्या घरांतही मराठी पातळ होत चालली आहे. नातवंडांच्या बोलण्यात तेलुगू, दख्खनी, इंग्रजी मिसळलेली ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात. पूर्वी मला ते लागत असे. चिनी चहाने माझी समजूत थोडी बदलली. लोंगजिंगचे मोल त्याच्या गावात आहे, ते मी मानतो. पण जे पान गाव सोडून निघाले, दुसऱ्याच्या पाण्यात उकळले, दुसऱ्याचे दूध घेऊन दुसऱ्याच्या नावाने ओळखले गेले, त्यानेच आपल्या वडिलांना एका टेबलाशी बसवले. आपली घराणी त्या पानाच्या जातीची आहेत.

रोज सकाळी मी तिएगुआनयिनची चिमूटभर पाने घेतो. तीच पाने पाच-सहा वेळा पाणी घेतात. पहिल्यापेक्षा दुसरा कप मला अधिक आवडतो. महिन्यातून एकदा मात्र डॉक्टरांच्या परवानगीने अर्धा कप बिनसाखरेचा इराणी चहा घेतो, तोही हॉटेलात जाऊनच. घरी तो होत नाही. त्याला समोर दुसरा माणूस लागतो.