पुलाच्या दोन टोकांवरून

गाबोरोने, 2 सप्टेंबर 2025

ती. आत्यास,


निघताना तू बजावलं होतंस, "हत्ती-सिंह टीव्हीवरही दिसतात. तिथली माणसं आजारी पडली की कुठे जातात, ते बघून लिही." सांगलीच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं ड्यूटी केलीस तू, म्हणून पहिलं पत्र दवाखान्याचंच.

बोट्स्वाना म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट जमीन आणि माणसं जेमतेम पंचवीस लाख. 1966 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा इथे डांबरी रस्ता होता 12 किलोमीटर आणि पदवीधर होते 22. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. ती जमीन बामांग्वाटो जमातीची, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या राजघराण्यातले. तरीही त्यांनी कायदा करून जमिनीखालची संपत्ती जमातीची नाही, साऱ्या देशाची, असं ठरवून टाकलं. मला हा निर्णय खाणीपेक्षा मोठा वाटतो. खाणकंपनीत सरकारचा निम्मा वाटा आहे. त्यातून शाळा झाल्या, गावोगावी दवाखाने झाले, आणि 1996 पासून प्रत्येक म्हाताऱ्या नागरिकाला मिळकत न विचारता पेन्शन सुरू झाली.

मग एड्स आला. 2000 च्या सुमारास इथे चार प्रौढांमागे एकाहून अधिक जणांना लागण झालेली होती. तू सांगायचीस ना, वॉर्डात रोज कुणीतरी ट्रक ड्रायव्हर किंवा त्याची बायको असायची आणि देण्यासारखं औषध नसायचं? आपल्याकडे मोफत औषधं 2004 मध्ये आली. इथे ती 2002 मध्येच सुरू झाली, आफ्रिकेत सर्वांत आधी. कार्यक्रमाचं नाव 'मासा', म्हणजे सेत्स्वाना भाषेत नवी पहाट. आज आईकडून बाळाला होणारी लागण जवळजवळ थांबली आहे. इथल्या एका सिस्टरला तुझ्याबद्दल सांगितलं, तर तिने माझे दोन्ही हात हातात घेतले.

आणि तरी काल मी एका दवाखान्यात पाहिलं ते असं. बाकावर सत्तरीची एक बाई, डोक्याला रुमाल, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी पहाटे आली होती. खिडकीतून तिचं कार्ड परत आलं. गोळ्या शिल्लक नव्हत्या. तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, पिशवीत ठेवलं, पिशवीला गाठ मारली आणि तशीच बसून राहिली. गेल्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्षांनी औषधांच्या टंचाईवरून सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली आहे. औषधांचं वाटप आता लष्कराच्या देखरेखीखाली होणार आहे.

पैसा आटला, कारण हिऱ्यांची मागणी पडली. कारखान्यात वाढवलेले हिरे स्वस्त मिळतात, आणि ते बनवण्यात आपली सुरत पुढे आहे. आपल्या धाकटीच्या साखरपुड्याच्या अंगठीत तोच हिरा आहे ना? आपण हौसेने घेतला, त्यात वावगं काही नाही. पण त्या बाकावर बसले असताना मला ती अंगठी आठवली आणि पुढे बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

कासाने, 6 सप्टेंबर

आत्या, दोन दिवस नुसता प्रवास. रस्ता आरशासारखा, पण नाटाच्या पुढे हत्ती आडवे आले की बस मुकाट्याने थांबते. उद्या काझुंगुलाचा पूल ओलांडून झांबियात जायचं. 923 मीटरचा हा पूल 2021 मध्ये सुरू झाला. झिंबाब्वेची हद्द टाळायची म्हणून तो मध्ये वाकवला आहे. त्याआधी इथे तराफ्यावरून एकेक ट्रक पलीकडे जाई आणि बाकीचे दिवसचे दिवस रांगेत उभे राहत.

आकडे सांगते. माणशी उत्पन्न या काठाला, बोट्स्वानात, त्या काठाच्या झांबियापेक्षा सुमारे पाचपट. सरासरी आयुष्यात मात्र फरक जेमतेम तीनेक वर्षांचा. एड्सने या देशाची किती वर्षं खाल्ली, ते तुला वेगळं सांगायला नको. शिवाय इथली श्रीमंती सगळ्यांच्या घरी पोचलेली नाही. जगातल्या सर्वांत विषम देशांत बोट्स्वानाचं नाव आहे, आणि तरुणांना काम नाही.

लुसाका, 11 सप्टेंबर

ती. आत्यास,

वाटेत माझाबुका लागलं आणि खिडकीबाहेर ऊसच ऊस. क्षणभर वाटलं, वाळव्याला आले. त्याआधी कालोमो लागलं. तिथेच 2003 साली अगदी गरीब कुटुंबांना थेट रोख मदत द्यायला सुरुवात झाली, आणि मग ती देशभर गेली.

झांबियाकडे तांबं होतं. 1964 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तो बोट्स्वानापेक्षा कितीतरी सधन होता. पण सत्तरच्या दशकात तेल महागलं, तांब्याचा भाव कोसळला, आणि सरकारने कर्ज काढून संसार चालवला. 1986 मध्ये मक्याच्या पिठाची सवलत काढली तेव्हा दंगली झाल्या, माणसं मेली. बोट्स्वानाने चांगल्या दिवसांत शिल्लक टाकली होती, तशी इथे पडली नाही. आणि माणसंही इथे आठपट, दोन कोटींच्या वर.

मी राहते तसल्या गरीब, दाट वस्तीला इथे 'कंपाउंड' म्हणतात. घरमालकीण भाजी विकते. रात्री वीज नसली की अंगणात म्बाउला, म्हणजे पत्र्याची शेगडी, पेटवते. पातेल्यात पाणी उकळलं की मक्याचं पीठ सोडून दोन्ही हातांनी लाकडी उलथनं धरून घोटते. आपल्या उकडीसारखी घट्ट झाली की न्शिमा तयार. सोबत पालेभाजी आणि चिमूटभर सुकी मासळी. गेल्या वर्षीच्या दुष्काळात करिबा धरण आटलं, वीज दिवसातून तीन-चार तास यायची आणि कोळशाचे भाव चढले. ती म्हणाली, "तेव्हा दिवसातून एकदाच शिजवायचो."

तिची नात दहावीला आहे. 2022 पासून सरकारी शाळेत माध्यमिकपर्यंत फी नाही. तोवर फीपायी घरी बसलेली ही पोर आता पुन्हा शाळेत जाते. वर्गात नव्वद मुलं, बाकावर चौघी, आणि सोलर दिव्याखाली तिचा गणिताचा अभ्यास. फी माफ केली ते उत्तमच, पण एवढ्या मुलांना मास्तर पुरे पडत नाहीत.

आत्या, तू विचारशील, कुठलं बरं? म्हातारपण काढायचं झालं तर मी बोट्स्वाना म्हणेन, आजही म्हणेन. तिथे गोळ्या संपल्या म्हणून रागावता येतं, कारण त्या मिळायच्याच असतात. इथे घरमालकिणीला गोळ्यांबद्दल विचारलं तर म्हणाली, "मिळाल्या तर घेते." तिला कुणावर रागावताही येत नाही.

तुझ्या स्वतःच्या गोळ्या चुकवू नकोस. मी 20 तारखेला निघते.

तुझी भाची